पास्कूचा गडगा

कोकणात राहून आपला गडगा स्वतःच्या हाताने, स्वतःच्याच जमिनीत आत सरकवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मी मागितला होता एक हात. त्याने दिले दोन.

बाहेरगावच्या वाचकाला यात काय एवढं, असं वाटेल. म्हणून सांगतो. गडगा म्हणजे जांभ्या दगडाची रचलेली कुंपणाची भिंत, आणि आमच्या सिंधुदुर्गात तिच्याइतकी जिव्हाळ्याची वस्तू दुसरी नाही. मी चौतीस वर्षं सरकारी मोजणीदार होतो. वैभववाडीच्या घाटाखालच्या गावांपासून तारकर्लीच्या माडांपर्यंत सगळीकडे साखळी ओढली. वीतभर बांधासाठी सख्ख्या भावाच्या तेराव्याला न गेलेली माणसं पाहिली. आपल्या हद्दीवर कुणी खूण करू नये म्हणून तिथेच खाट टाकून दुपारभर झोपून राहिलेली म्हातारी पाहिली. तिला खाटेसकट उचलून मोजणी करावी लागली. पण भिंत मागे घेतो म्हणणारा इसम मला नोकरीत एकदाही भेटला नाही. भेटला तो निवृत्त झाल्यावर, शेजारी म्हणून.

पास्कोल फर्नांडिस. वाडीत सगळ्यांचा पास्कू. वय सहासष्ट, अंगाने काटकुळा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट आणि खाली खाकी हाफपँट. होड्यांच्या फटी बुजवण्याचं काम करतो. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मालवणजवळच्या या वाडीत मी तीन वर्षांपूर्वी तयार घर विकत घेतलं तेव्हा सामान उतरवायला पहिला तोच आला. माझ्याकडे जरा वेळ टक लावून बघत राहिला, आणि मग कपाटाचं जड टोक त्याने आपल्याकडे घेतलं.

तर गडग्याची गोष्ट. त्या दोन जागांमधल्या गडग्याचं एक टोक माझ्या फाटकापाशी असं पुढे आलं होतं की माझी छोटी गाडी आत वळेना. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला रस्त्यावर उतरून लंगडत यावं लागे. शेवटी मी तीन दिवस तयारी केली. नकाशा काढला, कायद्यातले चार शब्द पाठ केले, रव्याचे लाडू डब्यात भरले आणि पास्कूकडे गेलो. तो उपड्या होडीवर वाकून फटीत कापूस ठासत होता.

"पास्कू, कायद्याने पाहिलं तर माझा तसा हक्क पोचत नाही," मी ऑफिसातल्या मराठीत सुरुवात केली, "परंतु सामंजस्याने…"

"किती होया?"

"एक हात."

त्याने हातोडी खाली ठेवली, घरातून पहार आणली आणि गडग्याचा पहिला दगड काढला. माझ्या हातात नकाशा तसाच. लाडवांचा डबाही तसाच. एक हात झाल्यावर मी ओरडलो, "बस, बस, झालं!" तो थांबेना.

"सायबानू, एक मागलास तर दोन दिवचे. वरसून ऑर्डर आसा."

"कुणाची ऑर्डर? प्रांतांची?"

त्याने पहारीचं टोक वर केलं. मी वर पाहिलं. वर माडाला नारळ लागलेले होते, म्हणून मी आधी बाजूला झालो. मग मला कळलं की तो त्याच्याही वरचं बोलतोय.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याला ऊन लागलं असेल, ताक नेऊन द्या." वाडीत बातमी पसरली तेव्हा दोघे-तिघे जण खास बघायला आले. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं की मी कसली सही-बिही करून घेतली का. दुसऱ्याने तर सरळ ठरवून टाकलं की पास्कू आता फार दिवसांचा सोबती नाही.

तसं म्हटलं तर मला धक्का बसायला नको होता. तीन वर्षांत मी बरंच ऐकून-पाहून होतो. वाळत घातलेला त्याचा शर्ट बाबी नावाच्या एका पिणाऱ्याने उचलला. पास्कूला तो बाबीच्या अंगावर बाजारात दिसला. पास्कू घरी गेला, आपली एकुलती एक सणाची पँट इस्त्री केली आणि बाबीच्या दारात जाऊन ती शर्टाबरोबर घालायला पुढे करत म्हणाला, "ही तेच्यावांगडा शोभता." बाबी इतका घाबरला की त्याने दोन दिवस दारू घेतली नाही, आणि पास्कूने आपल्याला धमकी दिली असं सगळ्या वाडीला सांगत सुटला.

किनाऱ्यावर मासळीच्या लिलावात एकाने भांडणात याच्या कानाखाली वाजवली. पास्कूने चष्मा काढला, पुसला आणि दुसरा गाल पुढे केला. "ह्यो रवलो," म्हणाला. मारणाऱ्याचा हात वरच्या वर राहिला. त्याला वाटलं, हा काहीतरी उतारा टाकतोय. तो तडक देवळात गेला आणि गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं, 'ह्या पास्कूच्या मनात जा काय आसात ता माझ्यार येवा नको, देवा म्हाराजा.'

हमीदभाईंची तऱ्हा आणखी वेगळी. बाजारात त्यांचा सुक्या मासळीचा धंदा. जावयाला आणायला त्यांना कुडाळ स्टेशनला जायचं होतं आणि रिक्षा मिळेना, म्हणून पास्कूच्या जुन्या स्कूटरवर बसले. पास्कूने त्यांना कणकवलीला नेऊन सोडलं. मागितलं त्याच्या दुप्पट! हमीदभाई मागून पाठीत गुद्दे घालत होते, पण पास्कूला वाटलं रस्त्याचे हादरे बसताहेत. जावई कुडाळला उतरला तेव्हा सासरा कणकवलीच्या फलाटावर उभा होता. तेव्हापासून हमीदभाई पास्कूला लांबून सलाम करतात, पण स्कूटरवर बसत नाहीत.

लोक त्याच्याकडे काही मागायलाच घाबरत. शेंग मागावी तर भारा येई. शिडी मागावी तर शिडी, करवत आणि स्वतः पास्कू असे तिघे येत.

चर्चचे फादरही त्याच्यापुढे जपून असत. तरुण माणूस, मोठ्या उमेदीने आलेला. प्रवचनात त्यांनी काही म्हणावं आणि सोमवारी सकाळी पास्कूने ते करून मोकळं व्हावं. एका रविवारी, डोळा पापाला कारण होत असेल तर उपटून फेकावा, असा मजकूर वाचायचा होता. आदल्या संध्याकाळी फादर सायकल मारत पास्कूकडे आले. आमच्या व्हरांड्यापर्यंत आवाज येत होता, "पास्कूबाब, उद्याचं शब्दशः घ्यायचं नाही. मी आत्ताच सांगून ठेवतो."

मला एकदा राहवलं नाही. मी म्हटलं, "पास्कू, सगळेच ख्रिस्ती लोक चर्चमधलं ते ऐकतात. कोणी असं करत नाही. तूच का?"

तो होडीच्या फटीत कापूस घालत म्हणाला, "होडीयेचा काम शिकाक गेलंय तेवा उस्ताद सांगी, हंय कापूस घाल. मी इचारी, कित्याक? तो म्हणी, आधी घाल, मगे समाजताला. शिष्य म्हणजे काय सायबानू? सांगलेला करूचा. माका अजून सगळा समाजला नाय."

एवढंच. उपदेश त्याने कधी केला नाही, आणि आमच्या पलीकडच्या दत्तारामच्या घरी तर त्याला तोंडच उघडता येत नसे. दत्ताराम लकव्याने आडवा झालेला, मोठा कुजकट म्हातारा. त्याला आंघोळीला उचलायला एक दिवस माणूस हवा होता म्हणून पास्कूला बोलावलं. तो एक दिवस दोन वर्षं चालला. रोज सकाळी पास्कू त्याला धुतो, पुसतो, पावडर लावतो. दत्ताराम त्या वेळात पास्कूच्या आईबापापासून सुरू करून शिव्या घालतो. भांग डावीकडे पडला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. पास्कू भांग मोडतो आणि डावीकडून पाडतो.

अशा माणसाला जगात काही नको असेल, असं मी धरून चाललो होतो. ते खरं नव्हतं. त्याला एकच गोष्ट हवी होती, आणि ती सगळ्या वाडीला माहीत होती. त्याला त्याचा भाऊ हवा होता.

भावाचं नाव मिंगेल, सात वर्षांनी मोठा. पास्कूच्या मागच्या अंगाला त्याची जागा, मध्ये एक विहीर. चोवीस वर्षांपूर्वी विहीर कुणाची यावरून दोघांत वाद झाला, सरकारी मोजणी झाली, विहीर पास्कूच्या हद्दीत निघाली, आणि मिंगेल बायकामुलं घेऊन गोव्यात म्हापशाला गेला. पुन्हा आला नाही. त्याचं घर पडलं, पण त्याचे माड पास्कूने जगवले. रोज त्याच विहिरीचं पाणी आधी मिंगेलच्या माडांना जाई, मग पास्कूच्या घरात. नारळ उतरले की पोत्यात भरून म्हापशाच्या बसवर. पोतं दर वेळी जसंच्या तसं परत येई.

"मग देऊन टाक ना विहीर त्याला," मी म्हटलं होतं. "गडगे वाटत फिरतोस, विहिरीचं काय?"

"कागद करून धाडलंय तीन वेळा. घेणा नाय. म्हणता, दान नको. मोजणी चुकली असा सांग."

"मग सांग तसं!"

"सांगलंय. तर म्हणता, तू कोण सांगणारो? मोजणीवाल्यान सांगूक होया." मग तो म्हणाला, "आता तेचा हार्टाचा झाला. डॉक्टर म्हणता, जपूक होया."

हे बोलणं झालं तेव्हा माझ्या मनात त्या मोजणीविषयी काही आलं नाही. मोजणीदाराला जागा आठवत नाहीत. हजारो झाल्या. पुढे नंबर बदलतात, पोटहिस्से पडतात, जिथे काजूचं रान होतं तिथे डांबरी रस्ता होतो.

आता पुन्हा गडग्याकडे येतो. पास्कूने नुसतं टोक नाही, अख्खा गडगाच मागे घ्यायला काढला, आणि ते काम तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी तो मागच्या कोपऱ्यात पोचला, जिथे माझी, त्याची आणि मिंगेलची अशा तिन्ही जागा मिळतात. तळचे दगड निघाले आणि त्याखाली एक वेगळाच दगड दिसला. काळा, अरुंद, वरच्या अंगाला छिन्नीची खूण. मी व्हरांड्यातून उडी मारून आलो. असला दगड मी झोपेतही ओळखेन. सरकारी हद्दीचा मूळ दगड! तीन जागांच्या मोजण्या या एका दगडावरून व्हायला हव्यात.

मी पावलं टाकून विहिरीपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. हिशेब सरळ होता. हद्द या दगडावरून धरली तर विहीर अख्खी मिंगेलकडे जात होती. थोड्या अंतरावर दुसरा एक घडीव दगड जमिनीत रुतलेला होता. मोजणीवाल्याने तो धरला असणार.

"हा कसला दगड?" मी विचारलं.

"आजोबाच्या खुरसाचो पायो," पास्कू म्हणाला. "थंय आधी खुरीस हुतो. वादळात पडलो."

"क्रुसाचा चौथरा हद्दीचा दगड म्हणून धरला? पास्कू, कुठल्या गाढवाने केली रे तुझी मोजणी?"

पास्कूने पहार खाली ठेवली. "गाढव नाय हो. बरो माणूस हुतो. दिसभर उन्हात उभो रवान काम केल्यान."

"असल्यांना नोकरीत घेतं कोण! दोन भावांचं वाटोळं केलं मूर्खाने. एक साधी चौकशी करायची अक्कल नाही!"

"रवांदे सायबानू," तो म्हणाला आणि त्या दगडावर माडाची झावळी टाकली. "माणूस चुकता."

मी पुढचे चार दिवस बायकोला त्या अज्ञात मोजणीदाराविषयी ऐकवलं. आणि ठरवलं, आपणही एकदा कुणी न सांगता दुसऱ्याचं काम करून बघू. ओरोसला जिल्ह्याच्या मोजणी कचेरीत जायचं, जुना नकाशा काढायचा, त्या गाढवाचं नाव शोधायचं, जिवंत असला तर धरून आणायचं आणि त्याच्याकडून लिहून घ्यायचं. पास्कूला काही सांगितलं नाही. बसने ओरोस गाठलं, अर्ज केला. ऑफिसात सगळे ओळखीचे, चहा झाला, आणि नकाशाची नक्कल हातात आली.

अक्षर पाहिलं तेव्हा छान वाटलं. इतकं वळणदार अक्षर हल्ली कुठे दिसतं! मग खालची सही पाहिली. सही माझी होती.

मी ती तीन वेळा वाचली. क्लार्कने विचारलं, "साहेब, पाणी देऊ?" मी नको म्हटलं आणि त्याच्या टेबलावरचा दुसऱ्याचा चहा पिऊन टाकला. मग हळूहळू आठवत गेलं. वैभववाडीहून मला महिनाभरासाठी इकडे पाठवलं होतं. रोज दोन-दोन मोजण्या. एक उंच, तापट माणूस साखळीच्या मागे मागे चालत सांगत होता, "सायबानू, तो दगड न्हय, तो खुरसाचो पायो." आणि मी त्याला म्हणालो होतो, "तुम्ही बोलू नका. नकाशा बोलतो." हे माझं त्या काळातलं आवडतं वाक्य होतं. निरोपसमारंभात एकाने ते भाषणात सांगून टाळ्या घेतल्या होत्या, आणि पुढे म्हणाला होता की साहेबांची रेघ कधी चुकली नाही.

नकाशासोबत जबाबाचा कागद होता. मोजणीच्या वेळी हजर: मिंगेल फर्नांडिस. पास्कोल फर्नांडिस: गैरहजर.

आता लाज वाटते, पण खरं तेच सांगतो. मी ते कागद घरी आणून बायकोच्या साड्यांखाली ठेवले आणि दोन दिवस गप्प बसलो. आयुष्यात मी फार काही मिळवलेलं नाही. मान मिळवला होता, तोही रेघ न चुकल्याचा. त्या दोन दिवसांत पास्कू नवा गडगा रचत होता आणि मला हाक मारून विचारत होता, "गाडी वळता मां बरी? वयनींका त्रास नाय मां?" मला दोन्ही दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेऊन त्याच्याकडे गेलो. तो दत्तारामकडून परत येत होता, खांद्यावर ओला टॉवेल.

"पास्कू, तो गाढव मी होतो," मी म्हणालो.

तो दचकला नाही. मला वाटलं त्याला कळलं नसेल, म्हणून मी नकाशा उलगडला, सही दाखवली.

"माका ठावक आसा," तो म्हणाला. "तुमी सामान घेवन इलास त्या दिसाच वळखलंय. मोजणीच्या दुसऱ्या दिसा तुमी सही घेवक घराक इल्ल्यात. केस काळे हुते तेवा."

मी त्याच्या होडीवर बसलो. तीन वर्षं हा माणूस शेजारी होता. याला एकाच गोष्टीची गरज होती, मोजणीवाल्याच्या एका वाक्याची. मोजणीवाला गडग्यापलीकडे राहत होता, याच्याकडे गडगा मागत होता, आणि याने ते वाक्य मागितलं नाही. वर दोन हात जमीन दिली!

"अरे, मग बोलला का नाहीस?"

पास्कू जरा वेळ टॉवेल पिळत राहिला. मग म्हणाला, "तुमची चूक नाय सायबानू. तो दगड तुमका मियांच दाखयलो. मुद्दाम. विहिरीसाठी. तुमका काय म्हायत, नवीन माणूस तुमी. पाप माझा आसा."

मी हातातला दुसरा कागद त्याच्यापुढे धरला. "पास्कू, तू त्या दिवशी तिथे नव्हतास. इथे लिहिलंय, गैरहजर."

त्याचे कान लाल झाले. सहासष्ट वर्षांचा माणूस, पण चोरी पकडलेल्या पोरासारखा उभा राहिला. खोटं बोलायची सवय नाही, आणि पहिल्याच फटक्याला सरकारी कागदाशी गाठ.

"खोटं बोलायचीसुद्धा ऑर्डर आली का वरून?" मी विचारलं.

"नाय. ती माझी," तो पुटपुटला. "शनिवारी फादराक सांगतलंय." मग माझ्याशेजारी बसला. "तुमी बरा नाव घेवन रिटायर झालात. आता ह्या वयात मिंगेलान तुमका शिव्या घालूच्या कित्याक? माझ्यार रागावलो आसा, रागावांदे. माका सवय झाली. तुमका नाय." तो पुढे म्हणाला, "आणि मी काय निर्मळ नाय. विहीर माझ्याकडे इली तेवा माका बरा वाटला. आठ दिवस. चुकला म्हणान ठावक हुता, तरी. नवव्या दिसा सांगूक गेलंय, तर मिंगेलाच्या दाराक कुलूप."

भावाच्या रागात आणखी म्हातारं व्हायची त्याची तयारी होती. भावाने मला बोल लावू नये, एवढ्यासाठी. मी चौतीस वर्षं माणसांना आपलं ते राखताना पाहिलं होतं. माझं राखायला कुणी बसलंय हे मला माहीत नव्हतं. मी तिथे बसून रडलो, हे लिहायला मला आता काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी म्हापशाला गेलो. मिंगेल फर्नांडिस घरापुढच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. उंच देह तसाच, फक्त आत कुणी हवा काढून घेतल्यासारखा. सुनेने माझ्यासाठी स्टूल ठेवलं. मी उभ्या उभ्याच बोललो. त्या दिवशी तुम्ही खरं सांगत होतात, मी ऐकलं नाही, मोजणी चुकली, विहीर तुमची आहे. लेखी आणलं आहे, खाली माझी सही आहे.

त्यांनी कागद घेतला नाही. माझा चेहरा बघत राहिले.

"तूच तो, 'नकाशा बोलता' म्हणणारो?"

"हो."

"चोवीस वर्सां तुका गाळी घालतंय," ते म्हणाले. "नाव ठावक नव्हता, म्हणान 'चष्म्यावालो' म्हणी. रोज रात्री प्रार्थनेआधी." मग कागद घेतला, लांब धरून वाचला, घडी केली. "पास्कून धाडलो तुका?"

"नाही. त्याला तर हे होऊ द्यायचं नव्हतं." मी सांगून टाकलं. "तो म्हणाला, चुकीचा दगड त्यानेच मला दाखवला. विहिरीसाठी, मुद्दाम."

मिंगेल पुढे वाकले. "कोणी? पास्कून?" आणि एकदम इतक्या मोठ्याने ओरडले की सून धावत बाहेर आली. "खोटारडो! तो कसो दाखवतलो? त्या दिसा तो तापान फणफणललो. उठाक जायना. बायल तेची म्हायेराक गेल्ली." त्यांना दम लागला. सून पाठीवरून हात फिरवू लागली, तो त्यांनी बाजूला केला. "मियांच तेका पेज भरवन मोजणीक इल्लंय. तोंड घट मिटून बसललो मेलो. म्हटलंय, पी. आधी बरो हो, मगे भांडूया."

त्या सकाळी एका भावाविरुद्ध मोजणीला निघालेला दुसरा भाऊ आधी त्याला पेज भरवून आला होता, आणि मी त्याला म्हणालो होतो, तुम्ही बोलू नका.

मग मिंगेल खुर्चीचे हात धरून उठले.

"गो, माझो बरो शर्ट हाड," त्यांनी सुनेला सांगितलं. "आणि गोळ्ये घाल पिशयेत."

ती काही म्हणायला गेली, पण त्यांच्याकडे बघून आत गेली आणि पांढरा शर्ट घेऊन आली. त्यांनी तो अंगात घातला. बटण काही काजात जाईना. दोनदा, तीनदा सुटलं.

मी पुढे झालो. खालपासून वरपर्यंत एकेक बटण लावलं. त्यांनी लावू दिलं.